बीव्हरच्या नावाने, सॅमनच्या जिवावर

नमस्कार मंडळी! गेल्या वर्षी सासूबाई मालवणहून आमच्याकडे आल्या होत्या, आणि पाहुणे आले की कुठेतरी न्यायला लागतंच, तर एका शनिवारी आम्ही फोर्ट लँगलीला गेलो. कॅनडातल्या व्हँकुव्हरपासून गाडीने तासाभराच्या आत. फ्रेझर नदीच्या काठावर लाकडी ओंडक्यांचं उंच कुंपण. सासूबाई म्हणाल्या, हा कसला किल्ला, आमचा सिंधुदुर्ग बघ. खरंय त्यांचं, किल्ला म्हणून काही दम नाही त्यात. पण तो किल्ला नव्हताच हो, ते दुकान होतं. हडसन बे कंपनीचं फरचं ठाणं.

ही कंपनी म्हणजे आपल्या ईस्ट इंडिया कंपनीची धाकटी बहीणच समजा. इंग्लंडच्या ज्या दुसऱ्या चार्ल्स राजाला मुंबई हुंड्यात मिळाली आणि ज्याने ती 1668 साली वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, त्याच राजाने दोनच वर्षांनी, 1670 च्या मे महिन्यात, हडसन बे कंपनीला सनद दिली आणि कॅनडाचा केवढा तरी मोठा तुकडा तिच्या नावावर करून टाकला. तिकडे कोण राहतं, त्यांना काय वाटतं, हे विचारायची पद्धत तेव्हा नव्हतीच. इकडे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक व्हायलाही अजून चार वर्षं होती, म्हणजे काळ लक्षात येईल.

आता फर कशाला, तर हॅटसाठी. मलाही आधी वाटायचं की बीव्हरच्या (नदीत राहणारा एक केसाळ प्राणी) कातड्याचे कोट शिवत असतील. तसं नाही. लांब राठ केसांच्या खाली जी मऊ लव असते ना, ती काढून, दाबून तिचं फेल्ट, म्हणजे जाड घट्ट कापड, करायचं आणि त्याची हॅट. तिथल्या जुन्या गोदामात कातडी टांगून ठेवलीयेत, हात लावायला परवानगी आहे. वरून हात फिरवला तर खरखरीत, आणि बोटं आत घातली की एकदम मांजरीच्या पोटासारखं लागतं. एवढ्याशा लवेसाठी लोक अर्धं जग ओलांडून आले.

1827 च्या उन्हाळ्यात जेम्स मॅकमिलन पंचवीसेक माणसं घेऊन कॅडबोरो नावाच्या जहाजातून नदीत शिरला आणि ठाणं बांधायला घेतलं. अमेरिकन जहाजं किनाऱ्यावर येऊन फर उचलून न्यायची, त्यांना शह द्यायचा हा एक हेतू, आणि दुसरा म्हणजे फ्रेझर नदीतून आतल्या मुलुखातला माल समुद्रापर्यंत आणता येतो का ते बघायचं. पुढच्याच वर्षी कंपनीचा मोठा साहेब जॉर्ज सिम्पसन स्वतः होडीतून नदी उतरून आला, वरच्या घळीतलं पाणी बघून त्याचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली, आणि नदीचा राजमार्ग करायचा बेत तिथेच संपला.

बरं, फर तरी भरपूर मिळावी? तीही नाही. इथले मूळ रहिवासी, म्हणजे क्वांटलेन आणि बाकीचे स्टोलो लोक, नदीवर जगणारे. त्यांच्या दाराशी सॅमन माशांच्या झुंडी येत असताना ते बीव्हरच्या मागे चिखलात कशाला फिरतील? मग ठाण्याचा प्रमुख झालेल्या आर्चिबाल्ड मॅकडोनाल्डने सरळ मासे विकत घ्यायला सुरुवात केली आणि खारवून पिंपांत भरायचं ठरवलं. सुरुवातीची पिंपं इतकी वाईट झाली की त्यांत मिठाचं पाणीच टिकेना. पण गडी हटला नाही. त्याचं 1831 सालचं एक पत्र आहे, त्यात तो वैतागून लिहितो की तिकडे मुख्य ठाण्यावर बीव्हर सोडून सगळ्याला तुच्छ लेखतात, पण आमचा सॅमन तीनशे पिंपांच्या आसपास गेलाय! मला हा माणूस आवडतो. हेड ऑफिसला कळत नाही म्हणून कुरकुरणारा माणूस सगळ्या काळात सारखाच दिसतो.

1840 चं दशक संपता संपता काही वर्षी दोन हजारांच्या वर पिंपं जायला लागली. आणि जायची कुठे, तर हवाईला! ठाण्यावर काम करणारेही पुष्कळ जण हवाईचेच होते, त्यांना कनाका म्हणायचे, नदीपलीकडच्या ओढ्याचं नाव आजही कनाका क्रीक आहे. शिवाय फ्रेंच कॅनेडियन, स्कॉटिश, इरोक्वॉय, असे सगळे एका कुंपणात. साहेबांचे कागद इंग्रजीत, पण अंगणात इंग्रजी कमीच ऐकू येत असणार. व्यवहाराला चिनूक नावाची एक खिचडी भाषा होती, तिच्यात अमेरिकन माणसाला म्हणायचे बोस्टन आणि इंग्रजाला म्हणायचे किंग जॉर्ज.

आणि बायका. कंपनीच्या माणसांनी इथल्याच बायकांशी लग्नं केली, कंपनीलाही ते हवंच होतं कारण सोयरीक झाली की मासा दारात येतो. सॅमन चिरायचा, साफ करायचा, हे काम मोठ्या प्रमाणात याच बायकांच्या हातचं. ठाण्याच्या कागदांत पिंपांचे आकडे आहेत, साहेबांची नावं आहेत, या बायकांची नावं मात्र शोधावी लागतात. पिंपं बनवायच्या शेडमध्ये सासूबाई बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, मीठ जास्त झालं तर मासा कडक होतो, कमी झालं तर वास मारतो, हे ज्या बाईला कळतं तिच्यावर सगळा धंदा. (तसं रावसाला इंग्रजीत इंडियन सॅमन म्हणतात, पण त्याचं आणि सॅमनचं काही नातं नाही हं, सासूबाईंनी एका घासात ओळखलं.)

पुढचं पटपट सांगते. 1839 मध्ये ठाणं नदीच्या वरच्या अंगाला हलवलं, 1840 मध्ये ते जळालं, लगेच पुन्हा बांधलं. 1846 मध्ये अमेरिकेची हद्द ठरली आणि लँगलीचं महत्त्व वाढलं, कारण दक्षिणेची कोलंबिया नदी कंपनीच्या हातची गेली. 1858 मध्ये फ्रेझरच्या वाळूत सोनं सापडलं आणि हजारो लोक इथून वर गेले, त्यांना आवरायला सरकार हवं म्हणून 19 नोव्हेंबर 1858 ला याच ठाण्यातल्या मोठ्या घरात जेम्स डग्लसने ब्रिटिश कोलंबियाचा गव्हर्नर म्हणून शपथ घेतली. आणि त्या सोन्याने ठाण्याचाच धंदा बुडवला, कारण बोटी आता सरळ वर जायला लागल्या, दुकानदार शेकड्याने आले. 1886 मध्ये कंपनीने कुलूप लावलं. आज उभ्या असलेल्या बहुतेक इमारती नंतर बांधलेल्या आहेत, जुनं खरं एकच, ते गोदाम, जिथे कातडी टांगलीयेत.

जाणार असाल तर छत्री न्या. त्या शपथविधीच्या दिवशीसुद्धा असा पाऊस लागला होता की अंगणातला कार्यक्रम घरात घ्यावा लागला. आम्ही गेलो तेव्हाही तेच, सासूबाई पदर डोक्यावर घेऊन गोदामाच्या दारात उभ्या, आणि मला म्हणतायत, अगं, पण त्या बायका मासे सुकवायच्या कुठे, या पावसात?