वाडीतल्या शाळेच्या बातम्या

नमस्कार. ग्रंथालयाच्या कार्यकर्त्यांनी मला ‘माझी शाळा’ हा विषय दिला आहे. विषय मोठा आहे, म्हणून मी त्यातला एकच तुकडा घेते. सकाळच्या परिपाठातल्या बातम्या.

माझी नोकरीची शेवटची वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत गेली. पहिली ते चौथीचे वर्ग, सतरा मुलं, मी आणि एक गुरुजी. खाली फाट्यावर एसटी थांबायची. तिथून साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, ओलांडून वर चढलं की देऊळ, देवळाच्या मागे शाळा. परिपाठ तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि मग बातम्या. चौथीतला एखादा मुलगा वर्तमानपत्र धरून ठळक मथळे वाचायचा. आमच्याकडे पेपर अकराच्या गाडीनं यायचा, त्यामुळे सकाळी हाती असायचा तो कालचा. ‘मंत्रिमंडळाचा विस्तार’ हे शब्द तो पोरगा तोडून तोडून वाचायचा आणि बाकीची मुलं पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहायची. मीही कितीतरी वर्षं ते तसंच चालू दिलं.

एका जूनमध्ये, शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल, तिसरीतला एक मुलगा उशिरा आला. कमरेपर्यंत भिजलेला. मी काही विचारायच्या आत ओरडला, “बाई, चढनीचं मासं आलं!” रांग मोडली. सगळी मुलं त्याच्याभोवती. पहिल्या जोरदार पावसानं पऱ्ये, म्हणजे ओढे, फुगले की नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, थेट भाताच्या खाचरांपर्यंत येतात. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. वर्षातले ते दोन-चार दिवस, आणि ते आले हे त्या मुलानं सगळ्यांत आधी पाहिलं होतं. मी त्याला चारच गोष्टी विचारल्या. कुठे पाहिलेस, कधी, कोण होतं बरोबर, किती होते? त्यानं चारही उत्तरं नीट दिली. मी ती फळ्यावर लिहिली आणि खाली त्याचं नाव घातलं.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या भिंतीवरचा छोटा फळा ‘आपल्या बातम्या’ झाला. नियम एकच ठेवला. आपण स्वतः पाहिलेलं किंवा पाहिलेल्या माणसाला विचारलेलं असेल तेच सांगायचं. महिन्याभरात मुलं एकमेकांना अडवायला लागली. “तू बघितलंस का?” वर्तमानपत्र आम्ही बंद केलं नाही. ते दुपारी वाचायचो, आणि आता मुलं त्यालाही विचारायची, हे कुणी बघितलं म्हणून.

लिहिताना एक प्रश्न आला. मुलगा म्हणतो ‘पानी’, म्हणतो ‘मासं गावलं’. मी काय लिहू? मी दोन्ही लिहायचे. डावीकडे तो बोलला तसं, उजवीकडे पुस्तकात असतं तसं. डावीकडचं कधीही खोडलं नाही. घरची बोली चुकीची असं एकदा मुलाच्या मनात बसलं की ते गप्प होतं, आणि गप्प झालेलं मूल वाचायला शिकायला फार वेळ घेतं. हे मी तीस वर्षं पाहिलं आहे.

आता त्या फळ्यावर वर्ष कसं सरकायचं ते सांगते. लावणीच्या दिवसांवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तेव्हाच शाळा सगळ्यांत रिकामी असते आणि तेव्हाच बातम्या सगळ्यांत जास्त असतात. जुलैत हजेरी सतरावरून नऊवर यायची. मोठी मुलं धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी, आईबाप चिखलात. पूर्वी मी पालकांना निरोप धाडायचे, रागवायचे. फळा सुरू झाल्यावर नऊ मुलं उरलेल्या आठांच्या बातम्या आणायला लागली. “आज त्यांची लावनी. सात मानसं. त्यातली चार सावडीनं आलेली.” सावड म्हणजे आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. मग तुमची लावणी झाली तेव्हा तुमच्याकडे त्यांची किती आली होती? तीन. मग अजून एक माणूस देणं राहिलं की! वजाबाकी अशी आली. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी मोजताना गुणाकार आला. एक प्लॅस्टिकची बाटली कापून, पट्टी चिकटवून आम्ही पाऊस मोजायला लागलो. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि सकाळी बाटली काठोकाठ भरून वाहून गेलेली बघणं वेगळं.

त्याच दिवसांत साकवाची बातमी असायची. पाणी साकवाला लागलं की पलीकडची पाच मुलं येऊ शकत नसत. एका मुलीनं मला शिकवलं की पाणी चढतंय की उतरतंय हे कडेच्या दगडावरच्या ओल्या रेषेवरून कळतं. ती बातमी सुटायच्या वेळेआधी पोचली की आम्ही मुलांना लवकर सोडायचो. कुणी आदेश दिला नव्हता.

गणपतीत आमच्याकडे सुट्टी मोठी. वर्षाच्या सुट्ट्या 76 दिवसांच्या वर नेता येत नाहीत, म्हणून दिवाळीतले दिवस कमी करायचे आणि गणपतीला द्यायचे ही कोकणातली रीत, आणि ती बरोबरच आहे. चाकरमानी आले की वाडी भरते. मुंबईत वाडीचं मंडळ आहे. शाळेची कौलं चाळायला, भिंतींना रंग द्यायला पैसे त्यांनीच गोळा केले. सुट्टीनंतरचा पहिला दिवस मात्र जड असायचा. एका वर्षी दुसरीतल्या मुलीनं बातमी दिली, “बाबा रातच्या गाडीनं गेलं.” मी विचारलं, पुन्हा कधी येणार? “शिमग्याला.” मी ते फळ्यावर लिहिलं. मग आणखी चार हात वर झाले आणि चौघांची बातमी तीच होती. त्या दिवशी फळ्यावर दुसरं काही लिहिलं नाही.

कापणी, झोडणी, दिवाळी हे झपाट्यानं जायचं. थंडीत केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, क्रीडा स्पर्धा. सतरा मुलांतून कबड्डीचा संघ उभा करायचा म्हणजे दुसरीतल्यांनाही घ्यावं लागे, आणि आम्ही हरायचो. हरलेल्या सामन्याची बातमी मुलं गुणांसकट, कोण कसा बाद झाला यासकट सांगायची. जानेवारीत स्नेहसंमेलन, मार्चमध्ये शिमगा, देवाची पालखी शाळेच्या अंगणात यायची आणि मुलंच ती नाचवायला आधी धावायची.

जेवणाबद्दल बोलायलाच हवं. 1995 साली पोषण आहार सुरू झाला तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्या असा आदेश दिला आणि पुढे शाळाशाळांतून चुली पेटल्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम धान्य. आमच्या स्वयंपाकाच्या ताई वाडीतल्याच होत्या. सगळ्यांत पक्क्या बातम्या त्यांच्याकडे असत, आणि मुलं चौकशी करायला आधी त्यांच्याकडे जात. कुणाच्या घरी दोन दिवस चूल नीट पेटलेली नाही हे त्यांना कळे, आणि त्या मुलाच्या ताटात भात न विचारता जास्त पडे. ही बातमी फळ्यावर कधी लिहिली गेली नाही. ती लिहायची नसते हे मुलांना आपोआप समजलं होतं.

हे सगळं मी शोधून काढलं असा माझा दावा नाही. आपल्याच जिल्ह्यातले, पालगडचे साने गुरुजी अमळनेरला वसतिगृह सांभाळत होते तेव्हा मुलांसाठी स्वतःच्या हातानं दैनिक लिहून काढायचे. आणि महात्मा फुल्यांनी 1882 साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात मोडी, बाळबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही प्राथमिक शाळेत द्यावं असं सांगितलं होतं. खेड्यातल्या शाळेत विषय थोडे असले तरी चालतील, पण ते कमी उपयोगाचे नसावेत हे त्यांचं म्हणणं. आमच्या फळ्यावर तरवा, पाऊस, पऱ्या आणि हिशेब एकत्र आले तेव्हा मला ते निवेदन पुन्हा काढून वाचावंसं वाटलं.

आता ज्यासाठी मी खरं तर आज उभी राहिले ते बोलते. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्यात पुढे आला. अशा शाळा तेव्हा 14 हजारांहून अधिक होत्या. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असेल, खेळाला संघ पुरेल, प्रत्येक वर्गाला वेगळे शिक्षक असतील. हे फायदे खरे आहेत. कबड्डीत हरणाऱ्या मुलांच्या बाईंना ते कळतात. पण शिक्षण हक्क कायद्याखालच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी असं म्हटलं आहे, ते काही सोयीखातर नाही. जुलैत साकवावर पाणी असताना गाडी कुठवर येणार? सहा वर्षांची मुलगी फाट्यावर कुणाबरोबर थांबणार? पाणी उतरतंय की चढतंय हे तिथल्या शिक्षकांना कोण सांगणार? शाळा बंद करण्याच्या कागदावर पटसंख्येचा रकाना असतो. त्याच कागदावर साकवाचा रकाना घाला, अशी माझी मागणी आहे आणि ती मी जिथे बोलायला मिळेल तिथे करणार आहे.

फळ्यावरच्या बातम्या संध्याकाळी पुसण्याआधी चौथीतली मुलं वहीत उतरवून ठेवत. अशा सहा वह्या आहेत. शाळेच्या परवानगीनं त्यांच्या प्रती मी आज या ग्रंथालयाला देते आहे. त्यातलं एक पान वाचते. जून 2022 मधलं आहे. करोनामुळे शाळा दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिली होती, आणि त्या काळात मुंबईहून परतलेलं एक कुटुंब वाडीतच राहिलं. त्यांची मुलगी त्या वर्षी पहिलीत येणार होती.

“पाऊस काल रात्री दोन बोटं. भारंगी आली, आजीनं भाजी केली. देवळामागच्या घराची कौलं घालून झाली. पहिलीत नवी मुलगी येणार हाय. ती पलीकडं ऱ्हाते. उद्या आमी तिगं साकवावर जानार. तिला वाट म्हाईत नाय.”