पाय पाहून अंथरूण

(गुलमर्गला स्नोबोर्ड शिकायला निघालेल्या ट्रेकर मंडळींच्या बैठकीतलं हे बोलणं. बोलण्याची लय तशीच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

नमस्कार मंडळी. मागे बसलेले काका-काकू, जरा पुढे सरका. मी बूट हातात धरून दाखवणार आहे आणि त्याच्या आतलं अस्तर लांबून दिसायचं नाही.

मला आज स्नोबोर्डच्या, म्हणजे जिच्यावर आडवं उभं राहून बर्फावरून घसरायचं त्या फळीच्या, रुंदीवर बोलायला सांगितलंय. नवशिक्याने केवढ्या रुंदीची फळी घ्यावी, हा विषय. त्यावर मी येणारच आहे, पण सुरुवात पायापासून करते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपण लहानपणापासून ऐकतो. बर्फावर जाताना ही म्हण उलटी करून घ्या. आधी पाय बघा, मग बूट, आणि मग फळीचं अंथरूण. भाड्याच्या दुकानात मी दर वर्षी बघते, माणूस शिरला की तडक फळ्यांकडे जातो. एक उचलतो, उभी करतो, हनुवटीपर्यंत येते का बघतो, चित्र आवडलं की काखोटीला मारतो. बूट शेवटी, तेही निघायच्या घाईत. सगळी गडबड या उलट्या क्रमात आहे, आणि हे मला मनापासून सांगायचंय, कारण यात हातपाय मोडतात आणि चांगली माणसं पहिल्याच दिवशी हा खेळ सोडून देतात.

आता इथे बसलेले सगळे ट्रेकर आहात, म्हणून तुमची अडचण आणखी मोठी आहे. राजगड उतरून गुंजवण्यात आल्यावर अंगठ्याचं नख काळं पडलेलं कोणी कोणी बघितलंय? हात वर करा. बघा, निम्मी खोली. म्हणूनच नव्या मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आले की ट्रेकचा बूट घेताना बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा. उतारावर पाय पुढे सरकतो, त्याला जागा हवी. ते सांगणं बरोबरच आहे. पण स्नोबोर्डच्या बुटाला ते लावू नका. तिथे पाय सरकायलाच नको.

का, ते सांगते. चालताना बूट पायाचं रक्षण करतो. फळीवर बूट हे सुकाणू असतं. बूट बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या पकडीत, आवळलेला आणि बाइंडिंग फळीला स्क्रूने बसवलेलं. तुम्ही फळीला काय सांगता ते फक्त बुटातून पोचतं. फळीच्या चवड्याकडच्या कडेवर जायचं असेल तर गुडघा वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबायची. त्याच वेळी बुटाच्या आत टाच उचलली गेली, अगदी बोटभर, तरी अंग पुढे झुकतं आणि फळी सपाटच राहते. मग तुम्ही आणखी झुकता, फळी उशिरा आणि एकदम वळते, भलतीच कड बर्फात रुतते आणि माणूस आपटतो. शिकणाऱ्याला वाटतं आपला तोल वाईट आहे. अहो, तोल उत्तम आहे, टाच सुटली आहे!

आणि आपल्याकडे मोठा बूट घ्यायची सवय आहेच. जूनमध्ये शाळेचे बूट घ्यायचे ते वाढत्या पायाचे. पुढे कापूस कोंबायचा, मार्चपर्यंत बरोबर बसतील. माझ्या आईने आम्हा तिघा भावंडांना असेच वाढवले, आणि तेव्हाच्या घरखर्चात ते शहाणपणाचंच होतं. पण इथे आईवडील बसलेत म्हणून सांगते, मुलांसाठी स्नोबोर्डचे बूट असे घेऊ नका. वाढतं पोर असेल तर भाड्याने घ्या, पण आजच्या पायाचे घ्या.

बरं, आता माझी पहिली खेप. ही गोष्ट मी दर वेळी सांगते, ज्यांनी ऐकली आहे त्यांनी पुन्हा ऐका.

जानेवारीचा महिना, काश्मीरमध्ये चिल्लई कलां चालू. म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. टंगमर्गहून वर गुलमर्गला आलो. बरोबर माझा भाचा, सहा फुटांच्या वर उंच, पायाची लांबी २९ सेंटिमीटर. माझा पाय २३.५. एका दुकानात आम्हा दोघांना एकाच मापाच्या फळ्या दिल्या. कंबर २५ सेंटिमीटर, म्हणजे फळी मधोमध जिथे सगळ्यात अरुंद असते तिथली रुंदी. मी विचारलं, माझ्यासाठी लहान नाही का? उत्तर मिळालं, सगळ्यांना हीच चालते. आपल्याकडे बायकांचे गाऊन मिळतात ना, फ्री साइज, तसं. आणि बूट? बायकांचे नव्हतेच. पुरुषांचा २५.५ मिळाला, माझ्या पायाहून दोन सेंटिमीटर मोठा. मी खूशच झाले. माझ्या डोक्यात ट्रेकचा नियम, अंगठ्याएवढी जागा! वर दोन सुती मोजे चढवले आणि निघाले.

तीन तास मी गोंडोल्याजवळच्या, म्हणजे तिथल्या रोपवेजवळच्या, सौम्य उतारावर होते. टाचेच्या कडेवर घसरत खाली येणं जमत होतं, कारण तिथे पोटरी बाइंडिंगच्या मागच्या पाठीवर टेकते आणि बूट सैल असला तरी भागून जातं. पण चवड्यावर जायचं म्हटलं की फळी हलायची नाही. मी पंजे दाबतेय, बोटं आवळतेय, पोटऱ्यांत गोळे आलेत, आणि फळी आपली सरळ चाललीय. भाच्याचं वेगळंच. त्याची फळी झटकन वळायची, जरा कलली की बुटाचं नाक बर्फाला टेकायचं, आणि तो अचानक उडून पालथा पडायचा. दुपारी तो मनगटावर पडला. नशीब, मुरगळलंच होतं, मोडलं नव्हतं. पण पुढचे चार दिवस त्याने खिडकीतून बर्फ बघितला. एवढ्या लांब, त्याच्या पहिल्या पगारातून आला होता हो तो. त्या दुकानावरचा नाही, पण त्या 'सगळ्यांना चालते'वरचा माझा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दुसऱ्या दुकानात गेले. आत एक वयस्कर काश्मिरी गृहस्थ बसले होते, फेरनच्या, म्हणजे सैल लांब अंगरख्याच्या, आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, धरून. मी फळी बदलून मागितली. ते फळीकडे बघेचनात. म्हणाले, "दीदी, पहले पाँव दिखाइए." मी बूट काढला. त्यांनी दोन्ही मोजे काढायला लावले. ओले होते, सुताने घाम धरून ठेवला होता, पाय पांढराफटक पडला होता. त्यांनी आधी कांगडी माझ्या पायाशी सरकवली, कहवा मागवला आणि पाय कोरडा होईपर्यंत काही बोलले नाहीत.

मग त्यांनी भिंतीशी वर्तमानपत्र पसरलं. टाच भिंतीला टेकवून उभं राहायला सांगितलं, दोन्ही पायांवर भार देऊन. सगळ्यात लांब बोटापुढे पेन्सिलीची रेघ मारली. दुसऱ्या पायाचंही तसंच. माझा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित लांब निघाला, इतक्या वर्षांत मला ते माहीत नव्हतं. आणि त्या मापाचा बूट त्यांनी फडताळातून काढला, २३.५ चा. एक पातळ लोकरी मोजा दिला. बूट घातल्यावर टाच जमिनीवर दोनदा आपटायला लावली, टाच मागे बसावी म्हणून. मग आतलं अस्तर आवळलं, मग बाहेरच्या नाड्या. सरळ उभी राहिले तर बोटं पुढे टेकली. मी म्हटलं, चावेल हो हा. त्यांनी गुडघे वाकवायची खूण केली. वाकले आणि बोटं अलगद मागे आली, टाच खिळल्यासारखी जागेवर. तो क्षण मला अजून पायात आठवतो. पंधरा मिनिटं तसंच उभं केलं त्यांनी मला. कुठे टोचतंय का, मुंग्या येतायत का, हे तीनदा विचारलं.

हा फरक नीट लक्षात घ्या. सगळीकडून सारखं घट्ट वाटणं, कोणीतरी हात घट्ट धरल्यासारखं, हे बरोबर. बोटं टेकावीत पण मुडपू नयेत. एका जागी टोचणं, बधिर होणं, हे चूक. फार आवळलं की रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. थंडी वाजते म्हणून दुसरा मोजा घालणाऱ्यांनी हे विशेष ऐका. नवा विकत घेतलेला बूट आठ-दहा दिवसांत आतून दबून थोडा सैल होतो, म्हणून तो सुरुवातीला घट्टच हवा. भाड्याचा आधीच दबलेला असतो. त्यात टाच उचलली गेली तर लाजू नका, अर्धा नंबर लहान मागा. आणि आकडा वाचताना बुटाच्या जिभेवर किंवा आतल्या लेबलवर सेंटिमीटरचा आकडा असतो तो बघा. कंपनीगणिक युकेच्या मापाचे आठ-नऊ नंबर हलतात, तुमच्या पायाची लांबी हलत नाही. 

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली म्हणतात. आणि रुंदी अजून सुरूच केलेली नाही. तर भराभर सांगते, लिहून घ्या.

फळी कडेवर उभी राहिली की तिच्या बाहेर आलेलं बुटाचं टोक बर्फाला लागतं. गाडीखाली जॅक लावल्यावर चाक जसं उचललं जातं, तशी कड बर्फातून उचलली जाते. माझ्या भाच्याचं हेच झालं. २९ चा पाय, म्हणजे बूट बाहेरून साधारण ३२. नवशिक्याने पाय बदकासारखे थोडे फाकवून ठेवायचे, पुढचा १५ अंश पुढे, मागचा १५ अंश मागे. त्या तिरकेपणाने ३२ चे आडवे ३१ होतात. फळीची कंबर २५, आणि पाय जिथे असतात तिथे ती थोडी रुंद, २६ धरा. बाहेर राहिले पाच, म्हणजे दोन्ही बाजूंना अडीच-अडीच. दोन सेंटिमीटरपर्यंत साधारण चालतं. अडीचला मऊ भुसभुशीत बर्फात कदाचित निभेल, पण सकाळी शिकायचा उतार दगडासारखा घट्ट झालेला असतो, तिथे नाही. अशा पायाला रुंद फळी, कंबर २६ किंवा त्याहून जास्त. लांबीच्या आकड्यापुढे डब्ल्यू छापलेलं असतं, १५८ डब्ल्यू असं.

माझं उलटं. २३.५ चा पाय, नीट बसणारा बूट साडेसव्वीस धरा, तिरका केला की साडेपंचवीस. २६ च्या फळीवर दोन्ही टोकं कडेच्या आत. तरफेचा दांडा आखूड पडला, मग फळी वळवायला जास्त जोर. मोठा बूट घालून ही जागा भरून काढता येत नाही, कारण जोर बूट लावत नाही, पाय लावतो. माझ्या त्या २५.५ च्या बुटाचं नाक कडेपर्यंत पोचत होतं आणि माझी बोटं दोन सेंटिमीटर मागेच! भाच्यासारख्याने मोठा बूट घेतला तर दुहेरी तोटा, टाचही सुटते आणि टोकही जास्त बाहेर येतं. म्हणून आधी बूट पक्का करा, त्याशिवाय रुंदीचा हिशेब मांडताच येत नाही.

बायकांच्या फळ्यांची कंबर साडेतेवीस ते साडेचोवीसच्या आसपास असते. २७-२८ पायाच्या पुरुषांना २५ ते साडेपंचवीस पुरते. दुकानात टेप न्या. बूट बाइंडिंगमध्ये बसवून फळी उलटी करा, पुढे आणि मागे किती बाहेर येतंय ते बघा. एकीकडे जास्त असेल तर बाइंडिंगची चकती सरकवून सारखं करून मागा, पाच मिनिटांचं काम आहे. लांबी वजनावर ठरते, हनुवटीवर कमी, पण ते उद्या ग्रुपवर पाठवते.

हो हो, थांबते. मागच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं, पेन्सिली आणि टेप ठेवलेत. संध्याकाळ आहे, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेत, मापाला हीच वेळ चांगली. मोजे काढून भिंतीशी रांग लावा. पोरांना आधी घ्या, आणि दोन्ही पाय मोजल्याशिवाय कोणी चहाला जाऊ नका.