रॅम्प बांधण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या शहरांतल्या जुन्या सोसायट्यांमध्ये तळमजल्यावरच्या घरालाही बहुधा दोन-तीन पायऱ्या असतात. पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून जोतं उंच घेतलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. पण घरात कुणाला पक्षाघात झाला, मधुमेहानं कुणाचा पाय काढावा लागला, की त्याच तीन पायऱ्यांमुळे माणूस घरात कोंडला जातो. मग कुणीतरी म्हणतं, रॅम्प करून टाकू. गवंडी येतो, विटा-सिमेंट लावून सहा फुटांचा उतार करून देतो. त्यावरून सगळ्यांच्या दुचाक्या वर चढतात, व्हीलचेअर मात्र चढत नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणून घरोघरी जाताना असे उतार मला पुन्हा पुन्हा दिसतात आणि फार वाईट वाटतं. खर्च झालेला असतो, हेतू चांगला असतो, पण ज्याच्यासाठी हे केलं तो आतच बसलेला असतो.

रॅम्पचं मूळ गणित एका ओळीचं आहे. उंची एक इंच, तर उताराची लांबी निदान बारा इंच. एकास बारा. सहा इंचांची एक पायरी असेल तर सहा फूट, आणि तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट. हा आकडा ऐकला की लोक दचकतात. पण जरा हिशेब करा. माणूस आणि खुर्ची मिळून शंभर किलो धरा. एकास बाराच्या उतारावर त्यांना वर नेताना साधारण आठ किलोचा जोर लागतो. तीन पायऱ्यांची उंची सहा फुटांतच चढवायची म्हटली, तर चोवीस किलोचा. ज्यांना हातानं चाक फिरवून जायचं आहे, त्यांच्याकडे बारकाईनं पाहा. एक हिसका दिला की पुढचा हिसका देण्यासाठी हात चाकाच्या कडीवरून सुटतो. त्या क्षणात खुर्ची मागे घसरू लागते. चढ मवाळ असेल तर ती सावरता येते, खडा असेल तर खुर्ची थेट मागे उलटू शकते. मागून ढकलणारी साठीतली पत्नी असेल, तर दोघंही धोक्यात. म्हणून पहिला प्रश्न पैशाचा नाही. वर कोण जाणार, आणि एकट्यानं की कुणाच्या मदतीनं, हे आधी ठरवा.

जागा नाही, ही अडचण खरी असते. अठरा फूट सरळ मिळत नसतील तर उतार भिंतीला लागून काटकोनात वळवता येतो. मात्र वळणावर पाच फूट बाय पाच फूट सपाट जागा हवी, कारण उतरत्या फरशीवर खुर्ची वळवणं घातक. वर दारासमोरही तेवढीच सपाट जागा ठेवा, नाहीतर एका हातानं दार ओढायचं आणि दुसऱ्या हातानं खुर्ची धरून ठेवायची अशी कसरत होते. रुंदी चार फूट. दोन्ही बाजूंना कठडे, आणि कडेला तीन-चार इंचांची बांधीव कड, म्हणजे चाक खाली जाणार नाही.

आता फरशी. गुळगुळीत ग्रॅनाइट दिसायला छान, पण आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. कोकणात तर सावलीतल्या उतारावर शेवाळ धरायला वेळ लागत नाही. खरखरीत कोबा किंवा खडबडीत फरशी घ्या, आणि ती घासण्याचं काम कुणाकडे तरी नक्की सोपवा. उताराच्या पायथ्याशी अर्धा इंचाचा उंचवटा राहिला, तरी खुर्चीची पुढची छोटी चाकं तिथं अडतात आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. गवंडी निघून जाण्याआधी तो सांधा हात फिरवून तपासा.

भाड्याचं घर असेल, किंवा बांधकामाला परवानगी नसेल, तर ॲल्युमिनियमचे घडीचे रॅम्प मिळतात. एका पायरीला ते उत्तम. दोन सुट्या पट्ट्यांचा प्रकार स्वस्त पडतो, पण मागून ढकलणाऱ्याला पट्ट्यांच्या मधून पायऱ्यांवरच चालावं लागतं. घेताना त्यावरची वजनाची मर्यादा पाहा. त्या वजनात खुर्ची, बसणारा आणि ढकलणारा, तिघंही धरा. वरचं टोक पिनेनं किंवा साखळीनं अडकवल्याशिवाय त्यावर चाक घालू नका.

बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर, म्हणजे चालता न येणाऱ्यांसाठीची बसून चालवायची छोटी गाडी, असेल तर आणखी काळजी हवी. तिची तीन चाकं असली, तर दोन पट्ट्यांचा रॅम्प चालतच नाही, पुढच्या चाकाला आधारच मिळत नाही. तिचा तळ जमिनीलगत असतो. चढ संपून सपाट जागा सुरू होते तिथं तो टेकतो आणि चाकं अधांतरी फिरत राहतात. तिला वळायला खुर्चीपेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे वळणाचा रॅम्प करायचा असेल तर स्कूटर आधी ठरवा, मग नकाशा. आपल्याकडे बाजूला जादा चाकं लावून घेतलेल्या दुचाक्याही खूप आहेत. त्यांची रुंदी चाकांच्या बाहेरच्या कडेपासून मोजा.

कायदा दिव्यांग व्यक्तींच्या बाजूनं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं इमारतींच्या सुगमतेचं, म्हणजे दिव्यांगांना तिथं सहज ये-जा करता येण्याचं, बंधन घातलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी असून भागणार नाही, केंद्रानं ते बंधनकारक करावेत, असा आदेश दिला. पण तुमच्या जुन्या इमारतीचा विषय शेवटी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतच निघणार. तिथं पार्किंगची एक जागा जाईल, दर्शनी भाग बिघडेल, अशी कुरकुर होते. मला ती मुळीच पटत नाही. एका सभासदाचं घराबाहेर पडणं दुसऱ्याच्या पार्किंगपेक्षा मोठं आहे, हे सभेत स्पष्ट बोला. आणि नुसतं बोलू नका. गवंड्याकडून पाण्याच्या नळीनं उंची मोजून घ्या, उताराची पूर्ण लांबी आवारात खडूनं आखा, आणि सभासदांना ती रेघ खाली नेऊन दाखवा. बऱ्याचदा जागा निघते, फक्त कुणी आखून पाहिलेली नसते.

काम झालं की सिमेंट नीट पक्कं होऊ द्या. मग ज्यांच्यासाठी रॅम्प केला त्यांनाच त्यावरून वर जायला आणि खाली यायला सांगा, कुणी तरी मागे उभं राहून. खाली येताना मदतनीस असेल तर खुर्ची उलटी, पाठीकडून उतरवा. त्यांनी ठीक आहे म्हटल्यावरच कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता द्या.

नमस्कार.