पाककृतीचा व्हिडिओ मुलांच्या हाती देण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

ताणलं जाणारं चीज, वरून ओतलं जाणारं चॉकलेट, कुर्रकन मोडणारा पापड. खाण्याचे व्हिडिओ मुलं डोळे विस्फारून पाहतात. शिवीगाळ नाही, मारामारी नाही, म्हणून आपणही बिनधास्त फोन हातात देतो. पण खाण्याच्या व्हिडिओला ही कसोटी पुरत नाही. इथला धोका बहुतेक वेळा एडिटिंगमध्ये कापून टाकलेल्या भागात असतो.

म्हणून मुलाला दाखवण्याआधी व्हिडिओ एकदा आवाज बंद करून, पुढे न ढकलता, शेवटपर्यंत पाहा. संगीत थांबलं की तुकडे कुठे जोडलेत ते चटकन कळतं. अशा प्रत्येक सांध्यावर स्वतःला विचारा: मधे काय झालं, किती वेळ गेला, आणि तेव्हा गॅसजवळ कोण होतं?

कॅरॅमल पुडिंगचंच बघा. व्हिडिओत साखर कढईत पडते आणि तीन सेकंदांत सोनेरी पाक होतो. प्रत्यक्षात मंद आचेवर पाच-सात मिनिटं जातात आणि पाक 160 अंशांच्या पुढे जातो. उकळतं पाणी 100 अंशांचं असतं आणि अंगावर सांडलं तर ओघळून तरी जातं. हा पाक कातडीला चिकटतो आणि तिथेच भाजत राहतो. बोट बुडवून चव बघायची सवय असलेल्या मुलाला हे तीन सेकंद काहीच सांगत नाहीत.

तसंच मायक्रोवेव्हमधल्या अंड्याचं. कवचासकट ठेवलेल्या अंड्यात वाफ कोंडते आणि ते फुटतं. कधी आत फुटतं, तर कधी बाहेर काढून चमचा टोचल्यावर. 'अमुक मिनिटांत युक्ती' छापाच्या व्हिडिओत शेवटचं छान अंडं तेवढं दिसतं, आधीची फुटलेली दिसत नाहीत. माझ्या मते आग, तापलेलं तेल, प्रेशर कुकर किंवा स्पिरिट वापरणाऱ्या युक्त्यांचे व्हिडिओ बारा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने पाहू देऊच नयेत. 2019 साली चीनमध्ये दोन मुली रिकाम्या डब्यात अल्कोहोल पेटवून मक्याच्या लाह्या करायला गेल्या. भडका उडाला आणि त्यातली चौदा वर्षांची मुलगी दगावली. अशाच लाह्यांचा व्हिडिओ तिथे गाजलेला होता.

ढीगभर खाण्याचे व्हिडिओ वेगळ्या जातीचे. कोरियात त्यांना मुकबांग म्हणतात. दहा पाकिटं नूडल्स एका बैठकीत संपल्यासारखी दिसतात, पण मधे किती वेळ गेला, किती टाकून दिलं, नंतर पोटाचं काय झालं, ते पडद्यावर येत नाही. चीनने 2021 च्या अन्न-नासाडीविरोधी कायद्यात असे कार्यक्रम दाखवायलाच मनाई केली. त्यातलेही जहाल तिखटाच्या पैजेचे व्हिडिओ सरळ बंद करा. 2024 मध्ये डेन्मार्कने एका कोरियन कंपनीच्या तीन प्रकारच्या अति तिखट नूडल्स बाजारातून मागे घ्यायला लावल्या. तिखटाचा त्रास मोठ्यांपेक्षा लहान अंगाला लवकर होतो, हे त्यामागचं कारण होतं.

आता तान्ह्या बाळांच्या पाककृती. हे व्हिडिओ दिसायला सगळ्यात निरुपद्रवी, आणि पारखून घ्यायला सगळ्यात कडक हवेत. पहिल्यांदा वय शोधा. 'बाळासाठी पौष्टिक' एवढंच लिहिलं असेल तर पुढे जाऊ नका, सहा महिने की दीड वर्ष ते स्पष्ट हवं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको, चाटणसुद्धा नको. मधात बॉट्युलिझम या अंग लुळं पाडणाऱ्या आजाराच्या जंतूंची बीजं असू शकतात, आणि घरच्या शिजवण्याने ती मरत नाहीत, त्यामुळे 'शिऱ्यात घातलाय, चालतो' हा युक्तिवाद टिकत नाही. वर्षाच्या आत वेगळं मीठ नको, दोन वर्षांपर्यंत वरून साखर नको, आणि गूळही त्यातच आला. अख्खे शेंगदाणे, फुटाणे पाच वर्षांपर्यंत टाळावेत, ते श्वासनलिकेत अडकतात. दाण्याचा बारीक कूट चालतो. द्राक्ष उभं चिरून चार फोडी केल्या तरच द्यावं. सजावटीसाठी वर अख्खा काजू ठेवलेला दिसला, तर करणाऱ्याला लहान मुलाच्या घशाचा अंदाज नाही असं खुशाल समजा.

जाहिरातीचं थोडक्यात. पैसे किंवा फुकट माल घेऊन केलेल्या व्हिडिओत तसं सांगणं आपल्याकडे बंधनकारक आहे. 'पेड प्रमोशन' किंवा 'स्पॉन्सर्ड' ही अक्षरं बहुधा सुरुवातीच्या काही सेकंदांत कोपऱ्यात येतात, मूल ती वाचत नाही. त्या पाकिटावरची 100 ग्रॅममागची साखर बघा आणि तिला पाचाने भागा, म्हणजे साधारण किती चमचे ते कळेल. हे गणित चौथीतलं मूलही आवडीने करतं.

फोनमध्येही थोडं काम आहे. ऑटोप्ले बंद ठेवा. नको तो व्हिडिओ आला की त्याच्या शेजारच्या तीन ठिपक्यांवर जाऊन तो चॅनेल सुचवू नको असं सांगा. यूट्यूब किड्समध्ये पालकांनी निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी सोय आहे, सहा-सात वर्षांपर्यंत तीच वापरा. दोन वर्षांखालच्या बाळाला मात्र जेवतानाच काय, एरवीही पडदा नको.

आणि मुलाने व्हिडिओ बघून काही करायचंच म्हटलं, तर सुरी आणि गॅस न लागणारी कृती निवडा. दहीपोहे घ्या. एक वाटी पातळ पोहे चाळून, जरा पाण्याचा हबका मारून पाच मिनिटं झाकून ठेवायचे. मग अर्धी वाटी दही, चवीपुरतं मीठ, चिमूटभर साखर. पोहे दही पितात, म्हणून वाढताना दोन चमचे दूध घालायचं, नाहीतर गोळा होतो. फोडणी हवीच असेल तर ती मोठ्यांनी करायची आणि मोहरीची तडतड थांबेपर्यंत मुलाला ओट्यापासून चांगलं लांब उभं करायचं.