चाळीस अक्षरांत मावणारा इतिहास

(कोलकात्याच्या फुटबॉल समर्थकांवरील व्याख्यानाचं संपादित रूप)

मित्रहो, कोल्हापुरात येऊन फुटबॉलच्या गॅलरीबद्दल बोलायचं म्हणजे काशीत जाऊन गंगेचं माहात्म्य सांगण्यासारखं आहे. पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच लागली की शाहू स्टेडियममध्ये नुसते प्रेक्षक बसत नाहीत, पेठा बसतात. हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून थेट कोलकात्याला जाऊ.

ऑगस्ट २०२५. ड्युरँड कप चालू आहे, सॉल्ट लेक स्टेडियममध्ये ईस्ट बंगाल या कोलकात्याच्या क्लबाची मॅच आहे. गॅलरीत एक मोठं कापड उलगडतं. त्यावरच्या बंगाली मजकुराचा आशय असा: देश स्वतंत्र करायला आम्ही फासावर चढलो, आणि आज आईची भाषा बोलतो म्हणून आम्ही ‘बांगलादेशी’? त्या दिवसांत बंगाली बोलणाऱ्या मजुरांना बांगलादेशी असल्याच्या संशयावरून पकडल्याच्या बातम्या दिल्ली, हरियाणा, ओडिशा इथून येत होत्या, आपल्या महाराष्ट्रातूनही येत होत्या. खेळ, चालू राजकारण आणि ब्रिटिश काळ, तिन्ही गोष्टी एकाच कापडावर. आणि अक्षरं मोजाल तर चाळिशीच्या आतच.

ही चाळीस अक्षरं कुठून येतात ते आधी बघू. समर्थकांच्या मतांवर लिहिणारे बहुतेक लोक मजकुरावर लिहितात. कापडाबद्दल कोणी लिहीत नाही, आणि अर्धं उत्तर तिथेच आहे.

समजा ६० फूट बाय ३० फुटांचा टिफो, म्हणजे गॅलरीत उलगडायचं असं भलंमोठं रंगवलेलं कापड, करायचा आहे. छत्तीस इंच पन्ह्याचा मांजरपाट घेतला, तर ३० फुटांच्या वीस पट्ट्या लागतात. म्हणजे ६०० फूट कापड, शिवाय प्रत्येक जोडात इंच-दीड इंच शिवणीत जातं. पट्ट्या उभ्याच लावायच्या. आडव्या लावल्या की वरच्या दोराला टांगल्यावर सगळा भार शिवणींवर येतो आणि खालून ओढणाऱ्यांनी हिसका दिला की जोड उसवतात. वरच्या काठाला नेफा शिवून त्यातून दोर घालायचा. मग कागदावर इंचाचे चौकोन, कापडावर तीन फुटांचे, आणि चित्र चौकोनाचौकोनाने उतरवायचं.

आता अक्षर केवढं काढायचं? पाट्या रंगवणाऱ्यांचा साधा हिशेब आहे: दर दहा फूट अंतराला इंचभर उंची, तर अक्षर सहज वाचता येतं. सॉल्ट लेकसारख्या, मैदानाभोवती धावपट्टी असलेल्या स्टेडियममध्ये समोरचा प्रेक्षक आणि कॅमेरा सव्वाशे-दीडशे मीटरवर असतो. दीडशे मीटर म्हणजे जवळजवळ पाचशे फूट, म्हणजे अक्षराची उंची किमान चार फूट. मात्रा-वेलांट्या आणि ओळींमधली मोकळी जागा धरली की एक ओळ सहा-सात फूट खाते. रुंदीत वीसेक अक्षरं बसतात. निम्मं कापड चित्राला दिलं की उरतात दोन ओळी. वीस दुणे चाळीस.

गॅलरीची भाषा यमकात का असते, तिच्यात ‘परंतु’ आणि ‘तथापि’ का नसतात, याचं कारण इतकं साधं आहे. पोरांना गुंतागुंत कळत नाही म्हणून नाही. ती कापडावर मावत नाही.

बाकीच्या अडचणी आहेतच. एवढ्या कापडाला एका हाताला पंधरा-वीस लिटर पाण्यातला रंग लागतो आणि वाळल्यावरही एकूण वजन तीस किलोच्या आसपास भरतं. कोलकात्याच्या श्रावणात रंग वरून कोरडा लागला तरी आत ओला असतो. घाईने घडी घातली की चेहरा चेहऱ्याला चिकटतो आणि स्टेडियममध्ये उलगडताना निम्मा रंग सोलून निघतो. म्हणून प्रत्येक घडीत प्लास्टिकचा कागद घालतात, वर्तमानपत्र नाही, कारण तेही चिकटतं. आणि वारा! जोराचा वारा समोरून आला तर एवढ्या पृष्ठभागावर टनभर जोर येऊ शकतो. म्हणून खूप मोठं कापड टांगण्यापेक्षा लोकांच्या डोक्यांवरून पसरणं शहाणपणाचं.

आता या चाळीस अक्षरांत इतिहासातलं काय बसतं आणि काय कापलं जातं, ते पाहू.

सगळ्यात नीट बसतं ते १९११. २९ जुलै १९११ ला आयएफए (इंडियन फुटबॉल असोसिएशन) शिल्डच्या अंतिम सामन्यात कोलकात्याच्या मोहन बागान क्लबाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश पलटणीला २-१ ने हरवलं. आधी गोऱ्यांनी गोल केला. मग कर्णधार शिवदास भादुडीने बरोबरी साधली आणि अभिलाष घोषने विजयी गोल मारला. अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले, एकट्या सुधीर चटर्जींच्या पायात बूट होते. गर्दी इतकी होती की मागच्यांना मैदान दिसेना, तेव्हा गोलसंख्या लिहिलेले पतंग उडवून त्यांना स्कोअर कळवला गेला. १९०५ च्या फाळणीने दुखावलेल्या बंगालात हा विजय काय वाटला असेल, ते वेगळं सांगायची गरज नाही. २९ जुलै आजही ‘मोहन बागान दिवस’ म्हणून साजरा होतो.

एक आख्यायिकाही सांगतात. सामन्यानंतर कोणीतरी फोर्ट विल्यमवरच्या युनियन जॅककडे बोट दाखवून विचारलं, ‘आता तो कधी उतरणार?’ घडलं असेल, नसेल. लष्कराने अलीकडे त्या किल्ल्याचं नाव बदललं, ते आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून ठेवलं, आणि सेंट जॉर्ज गेटचं शिवाजी गेट केलं. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचे तंबू आजही याच किल्ल्याच्या परिसरात, लष्कराच्या मालकीच्या मैदानावर आहेत. क्लबाच्या कार्यालयाला तिथे ‘टेंट’च म्हणतात. तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली ती जमीन, तिथे पक्कं बांधकाम सहजासहजी होत नाही.

१९११ चा दुसरा दावा मात्र तपासायला हवा. गॅलरीत हमखास ऐकू येतं की अनवाणी पोरांनी गोऱ्यांना हरवलं, म्हणून इंग्रज घाबरले, फाळणी रद्द केली आणि राजधानी दिल्लीला पळवली. तारखा जुळल्यासारख्या दिसतात, कारण दिल्ली दरबारातली घोषणा १२ डिसेंबर १९११ ची. पण व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे सदस्य जॉन जेंकिन्स यांनी राजधानी हलवण्याची आणि फाळणी बदलण्याची टिपणी १७ जूनला लिहिली होती, अंतिम सामन्याच्या सहा आठवडे आधी. जेंकिन्सची टिपणी कुठल्याही टिफोवर येणार नाही. पतंग येतो.

त्याहून जास्त सोयीस्करपणे विसरली गेलेली गोष्ट १९२४ ची आहे. कलकत्ता लीगच्या पहिल्या श्रेणीत दोनपेक्षा जास्त भारतीय क्लब घ्यायचे नाहीत असा नियम होता आणि त्या दोन जागा मोहन बागान आणि आर्यन यांच्याकडे होत्या. १९२० साली स्थापन झालेल्या ईस्ट बंगालने १९२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद कॅमेरन हायलँडर्स या ब्रिटिश पलटणीच्या ‘ब’ संघाबरोबर वाटून घेतलं. हायलँडर्सचा ‘अ’ संघ वर आधीच होता, म्हणून वर जाण्याचा हक्क ईस्ट बंगालचा. नियम आड आला. मग प्रश्न क्लबांपुढे गेला. ब्रिटिश क्लबांनी संमती दिली, आणि विरोध केला तो मोहन बागान आणि आर्यन यांनी! नियम अखेर मोडला आणि २८ मे १९२५ ला लीगमधली पहिली ‘डर्बी’, म्हणजे मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल मॅच, झाली. ईस्ट बंगालने ती १-० ने जिंकली. गोऱ्यांनी घातलेली वेस राखायला आत बसलेले आपलेच लोक पुढे आले, ही बाब मोहन बागानच्या गॅलरीला गैरसोयीची आहे. ईस्ट बंगालच्या गॅलरीलाही ती पूर्ण सोयीची नाही, कारण तिच्यात गोरे क्लब आपल्या बाजूने उभे दिसतात.

तिसरी गळालेली गोष्ट मोहमेडन स्पोर्टिंगची. कलकत्ता लीगची पहिली श्रेणी जिंकणारा पहिला भारतीय क्लब मोहन बागान नव्हे, मोहमेडन. १९३४ ते १९३८ सलग पाच वर्षं त्यांनी लीग जिंकली. १९११ नंतर शिल्ड जिंकणारा पुढचा भारतीय संघही तोच, १९३६ मध्ये. मोहन बागानला दुसऱ्या शिल्डसाठी १९४७ ची वाट पाहावी लागली. मोहमेडनच्या यशाचं गणित व्यावहारिक होतं. त्यांनी बंगालबाहेरचे खेळाडू गोळा केले, आणि पावसात चिखल झाला की हलके बूट चढवले. अनवाणी पायाला कोरड्या मैदानात चेंडूवर ताबा चांगला मिळतो, पण ओल्या गवतावर वळताना पाय सरकतो, आणि तिथला लीग हंगाम ऐन पावसाळ्यातला. म्हणजे ‘अनवाणी’ हे अभिमानाचं चिन्ह ज्या काळात घट्ट होत गेलं, त्याच काळात बूट घातलेला संघ गोऱ्यांना दरवर्षी मागे टाकत होता. १९४० मध्ये मोहमेडनने आपल्या मुंबईचा रोव्हर्स कपही जिंकला आणि डिसेंबरमध्ये रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटला हरवून ड्युरँड जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. तरीही स्वातंत्र्यलढा आणि फुटबॉल असा विषय निघाला की मोहमेडनचं नाव शेवटी येतं, आलं तर. माझ्या मते यामागे चाळीस अक्षरांची अडचण नाही, ही निवड आहे.

आता २०२५ च्या त्या कापडाकडे पुन्हा बघा. ज्या स्पर्धेत ते फडकलं तिला नाव आहे मॉर्टिमर ड्युरँडचं. ब्रिटिश हिंदुस्थानचा परराष्ट्र सचिव असताना त्याने १८८८ मध्ये सिमल्याला ही स्पर्धा सुरू केली आणि १८९३ मध्ये पठाणांच्या मुलखातून रेघ ओढली, ती ड्युरँड रेषा. त्याच्या चषकासाठी खेळणाऱ्या क्लबाचे पाठीराखे म्हणजे दुसऱ्या एका रेषेने, १९४७ च्या फाळणीतल्या रॅडक्लिफच्या, इकडे लोटलेल्या कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी. पूर्वेकडून आलेले ‘बांगाल’ आणि इथले मूळचे, बहुतेक मोहन बागानचे ‘घोटी’ यांची भांडणं हिलसा मासा की कोळंबी यावरही होतात, पण खाली गोष्ट एकच असते: आत कोण आणि बाहेर कोण. १९ जानेवारी २०२० च्या डर्बीत, नागरिकत्व कायदा आणि एनआरसी, म्हणजे नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही, यांवरून देश तापलेला असताना, ईस्ट बंगालच्या गॅलरीत झळकलं की ही जमीन रक्ताने घेतलेली आहे, कागदाने नाही. १९२४ चा नियम आणि २०२० चे कागद यांत शंभर वर्षांचं अंतर आहे, तक्रार तीच आहे.

म्हणून या मंडळींना एखाद्या पक्षाच्या खात्यात टाकायची घाई करू नये. १८ ऑगस्ट २०२४ चं उदाहरण घ्या. आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर शहर रस्त्यावर होतं. पोलिसांनी सुरक्षेचं कारण देऊन ड्युरँडमधली डर्बी रद्द केली. मॅच नसताना दोन्ही क्लबांचे समर्थक झेंडे घेऊन स्टेडियमबाहेर जमले, मोहमेडनचेही आले, आणि एकमेकांच्या खांद्यावर बसून न्यायाच्या घोषणा दिल्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, पोरांना ताब्यात घेतलं. भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे तिथे पोचले. ते दोन्ही क्लबांकडून खेळलेले गोलकीपर, आणि भाजपचे उमेदवारही राहिलेले. २०२० चं आणि २०२५ चं कापड केंद्राच्या सत्तेला टोचणारं, २०२४ चा जमाव राज्याच्या सत्तेला. मतदानाला हीच माणसं चार दिशांना जातात.

फिफाच्या शिस्तसंहितेत राजकीय, वैचारिक आणि धार्मिक संदेशांना मनाई आहे आणि दंड क्लबाला बसू शकतो. त्यामुळे कापड आत नेण्यापूर्वी तपासणी होते. मजकूर कोणाचं नाव न घेता, पक्ष न सांगता लिहिण्यामागे हेही कारण आहे. ‘कागदाने नाही’ एवढं म्हटलं की कायद्याचं नाव लागत नाही.

गॅलरीचा जोर सरकारांपेक्षा मालकांवर जास्त चालतो. २०२० मध्ये एटीके हा कोलकात्याचाच दुसरा क्लब आणि मोहन बागान एकत्र आले आणि क्लबाच्या नावापुढे एटीके लागलं. समर्थकांनी हिरवी-मरून जर्सी, होडीचं चिन्ह सगळं जागेवर असूनही ते नाव स्वीकारलं नाही. ‘रिमूव्ह एटीके’ ही मोहीम तीन वर्षं चालली. अखेर १८ मार्च २०२३ ला गोव्यात फातोर्ड्याला बेंगळुरूला पेनल्टीवर हरवून इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकल्याच्या रात्रीच मालकांनी नावातून एटीके काढल्याचं जाहीर केलं. नवं नाव ‘मोहन बागान सुपर जायंट’. शेपूट राहिलंच, ते वेगळं.

शेवटी तुमच्यापैकी कोणीतरी चिठ्ठी पाठवली आहे: इथे असा टिफो करायचा तर कुठून सुरुवात करावी? स्टेडियममध्ये समोरच्या टोकाला उभं राहून आधी अंतर मोजा, त्यावरून अक्षराची उंची ठरवा. मजकूर त्यानंतर लिहा. पोलीस ठाण्यात आणि केएसएकडे (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) कापडाचं माप आणि मजकूर आधी द्या, गेटवर हुज्जत टळते. घडी खालून वर, पंख्यासारखी घाला, म्हणजे वरचा दोर आधी हाती येतो आणि कापड आपल्या वजनाने खाली उतरतं. कोपऱ्यांवर चौघे जाणते ठेवा. आणि कापडावर अभिमानाने एखादं साल घालणार असाल, तर त्या सालात तुमच्या तालमीने कोणाच्या प्रवेशाला विरोध केला होता का, तेही एकदा जुन्या नोंदींत बघून घ्या. समोरची पेठ ते बघणारच आहे.