कळवळा आणि दोन दीनार

मित्रहो, दुःखाविषयी बोलायचे म्हटले की पहिली अडचण बोलण्याचीच असते. आजारी आणि शोकग्रस्त माणसांच्या भेटीला जाण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि त्या कामाच्या सुरुवातीची एक दुपार मला विसरता आलेली नाही. एकुलता एक मुलगा गमावलेल्या एका आईसमोर मी बसलो होतो. दाराजवळ मुलाचे बूट होते, एक सरळ आणि एक आडवा पडलेला, तो जसे काढून गेला होता तसेच. तिने विचारले, "देवाने त्यालाच का नेले?" आणि मी उत्तर द्यायला लागलो. देवाची योजना आपल्याला आज कळत नाही, ज्याच्यावर तो प्रीती करतो त्याची तो परीक्षाही पाहतो, अशी वाक्ये मी एकामागून एक बोलत गेलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही आता निघालात तरी चालेल." ती रागावलेली नव्हती. माझ्या इतक्या बोलण्यात तिच्या मुलाला कुठेच जागा नव्हती, हे तिच्या लक्षात आले होते आणि माझ्या आले नव्हते.

घरी आल्यावर मी बायबलमधले ईयोबाचे पुस्तक पुन्हा काढले. अलीफज, बिल्दद आणि सोफर या ईयोबाच्या तीन मित्रांची आपण पुष्कळदा निंदा करतो; पण त्यांची सुरुवात चांगली होती, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले. मित्रावर कोसळलेले संकट ऐकून ते आपापल्या गावांहून निघाले, दुरून त्याला पाहिले तेव्हा तो ओळखूही आला नाही, ते मोठ्याने रडले, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून कोणी एक शब्दही बोलले नाही. त्यांचे चुकले ते आठव्या दिवसापासून. त्यांनी कारणे शोधायला सुरुवात केली, आणि कारण शोधता शोधता ते मित्राचे फिर्यादी झाले. पुस्तकाच्या शेवटी देवाचा क्रोध होतो तो देवाशी भांडलेल्या ईयोबावर नाही, देवाची बाजू हिरिरीने मांडणाऱ्या या मित्रांवर. माझ्यासारख्या माणसाने हा शेवट वारंवार वाचावा असा आहे.

नव्या करारातही हाच प्रश्न शिष्यांच्या तोंडी येतो. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस वाटेत दिसतो आणि ते विचारतात, पाप कोणी केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? त्यांना त्या माणसाविषयी चर्चा करायची आहे, तीही त्याच्या समोर, जणू त्याला दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नाही. येशू दोन्ही पर्याय नाकारतो, थुंकीने माती कालवतो आणि ती त्याच्या डोळ्यांना लावतो. दुःख आणि पाप यांचा हिशेब जुळवण्याची सवय मानवजातीत फार खोल रुजलेली आहे, आणि मंडळीही, म्हणजे चर्चही, तिच्यातून पूर्ण सुटलेली नाही. कुणाला व्यसन जडले, कुणाचे लग्न मोडले, कुणाच्या मुलाला मनाचा आजार झाला, की मदतीचा हात पुढे होण्याआधी डोळे दोष शोधू लागतात.

आता एका शब्दापाशी थोडे थांबतो. शुभवर्तमानात, म्हणजे येशूची जीवनकथा सांगणाऱ्या पुस्तकांत, येशूने दुःखी माणसाला पाहिले की त्याच्या मनाची जी अवस्था होते तिच्यासाठी मूळ ग्रीक भाषेत एक क्रियापद आहे, आणि ते आतड्यांवरून, पोटातल्या अवयवांवरून आलेले आहे. आपल्या मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी त्याला "कळवळा येणे" असे म्हटले. याहून नेमका शब्द सापडला नसता असे मला वाटते, कारण आपल्यालाही कळ येते ती पोटातच, आणि दुसऱ्याच्या दुःखाने आपली आतडीच पिळवटतात. दया वरून खाली उतरू शकते. कळवळा वरून येत नाही, तो आत उठतो आणि माणसाला जागचे हलवतो. लूकच्या शुभवर्तमानात हा शब्द तीन प्रसंगी येतो: नाईन गावाच्या वेशीपाशी मुलाला पुरायला निघालेली विधवा येशूला दिसते तेव्हा, येशूने सांगितलेल्या दाखल्यात यरीहोच्या वाटेवर अर्धमेला पडलेला माणूस शोमरोन्याला, म्हणजे यहूद्यांना परक्या असलेल्या शोमरोनातल्या प्रवाशाला, दिसतो तेव्हा, आणि दुसऱ्या एका दाखल्यात दूर असतानाच परतणारा मुलगा बापाला दिसतो तेव्हा. तिन्ही ठिकाणी आधी पाहणे आहे, मग कळवळा आहे, आणि लगेच हालचाल आहे. येशू तिरडीला हात लावतो, शोमरोनी जखमा बांधतो, बाप धावत सुटतो. एकाही ठिकाणी स्पष्टीकरण नाही.

येशूचा मित्र लाजार मेला, त्याच्या कबरेपाशीही तेच. काही वेळाने येशू लाजाराला हाक मारून बाहेर बोलावणार आहे, आणि तरीही लाजाराची बहीण मरीया हिला रडताना पाहून, मराठीत दोनच शब्दांत सांगितले आहे, "येशू रडला." पुढे आनंद आहे हे ठाऊक असल्याने आत्ताचे रडणे खोटे ठरत नाही. पुनरुत्थानावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी शोक आवरता घ्यावा, असे आपण अंत्यविधीच्या वेळी फार सहज सुचवतो. येशूने स्वतः तसे केले नाही.

ख्रिस्ती श्रद्धेला दुःखाविषयी काही खास सांगायचे असेल तर ते वधस्तंभावर सांगितलेले आहे, आणि ते सांगणेही एका प्रश्नाच्या रूपात आहे. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" बाविसाव्या स्तोत्राची ही पहिली ओळ मरणाऱ्या येशूच्या तोंडी येते. म्हणजे त्या आईचा "का" खुद्द ख्रिस्ताच्या प्रार्थनेत आहे. तो विचारण्यात अश्रद्धा असती तर शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी ते वाक्य गाळले असते. नाझी राजवटीच्या तुरुंगातून १९४४ साली डीट्रिख बोनहोफर या जर्मन धर्मोपदेशकाने आपल्या मित्राला लिहिले की केवळ दुःख सोसणारा देवच आपल्या उपयोगी पडू शकतो. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांना फाशी देण्यात आली. कोठडीच्या भिंतींआड लिहिलेले हे वाक्य विद्यापीठातल्या सिद्धान्तासारखे वाचता येत नाही.

परंतु इथे एक धोक्याची सूचना दिलीच पाहिजे, आणि ती मी मवाळ शब्दांत देणार नाही. देव दुःखात आपल्याबरोबर आहे, याचा अर्थ दुःख चांगले आहे असा होत नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला "हा तुझा वधस्तंभ आहे, तो उचल" असे सांगणे हा सुवार्तेचा विपर्यास आहे. मजुरी बुडवली गेलेल्या कामगाराला धीराचा उपदेश करणे आणि मजुरी बुडवणाऱ्याला सभागृहात पुढची खुर्ची देणे, हाही. येशूने आपला वधस्तंभ स्वतः पत्करला. दुसऱ्याच्या खांद्यावर तो ठेवण्याचा अधिकार त्याने कुणाला दिलेला नाही. जे दुःख थांबवता येते ते थांबवायचे असते, आणि ते घडवणाऱ्याला अडवायचे असते. आमोस संदेष्ट्यापासून याकोबाच्या पत्रापर्यंत पवित्र शास्त्र याबाबतीत कमालीचे स्पष्ट आहे. उघड्या आणि उपाशी भावाला "सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव" असे म्हणून रिकाम्या हाताने निरोप दिला तर त्याचा काय उपयोग, असे याकोब विचारतो.

मदत करणाऱ्याचाही एक मोह असतो: गरजवंताला काय हवे ते त्याच्याआधी आपल्यालाच कळले आहे असे समजण्याचा. यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तीमय हा आंधळा भिकारी येशूला हाका मारतो. लोक त्याला गप्प बसवतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो आणि विचारतो, "मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?" आंधळ्याला काय हवे हे तिथल्या लहान मुलालाही सांगता आले असते. तरीही येशू विचारतो, कारण विचारल्याने तो माणूस गर्दीच्या अडथळ्यातून उठून स्वतःच्या इच्छेचा धनी होतो. इतकी वर्षे ज्याच्याशी लोक फक्त नाण्यांपुरते बोलले, त्याला पूर्ण वाक्य बोलण्याची संधी मिळते. आपण वाटप करतो, रांगा लावतो, छायाचित्रे घेतो. हा प्रश्न किती वेळा विचारतो? देणाऱ्याच्या पुण्यासाठी घेणाऱ्याचा चेहरा वापरला जाऊ नये, ही किमान मर्यादा आहे.

कळवळा टिकवायचा तर त्याला घर लागते, हे मंडळीने चौथ्या शतकातच ओळखले होते. इ.स. ३६९ च्या सुमारास कप्पदुकियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, मोठा दुष्काळ पडला, तेव्हा कैसरियाच्या बासिलने धान्याची कोठारे बंद करून बसलेल्या धनिकांना उद्देशून कठोर प्रवचने केली. तुमच्या पेटीत पडून असलेले वस्त्र उघड्या माणसाचे आहे आणि न वापरता कुजणारे जोडे अनवाणी माणसाचे आहेत, असा त्याचा सरळ दावा होता. बिशप झाल्यावर त्याने शहराबाहेर गरीब, प्रवासी आणि रोगी यांच्यासाठी निवारे उभारले. इतिहासकार त्यांची गणना जगातल्या आद्य रुग्णालयांत करतात. त्याचा मित्र नाझियांझसचा ग्रेगरी सांगतो की समाजाने हाकलून दिलेल्या कुष्ठरोग्यांना बासिल भाऊ मानून भेटत असे आणि त्यांचे चुंबन घेत असे. इमारतीइतकेच मला ते चुंबन महत्त्वाचे वाटते. उपचार न स्पर्शताही करता येतात.

अलीकडच्या काळातले उदाहरण सिसिली साँडर्स यांचे आहे. परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या या श्रद्धाळू स्त्रीला १९४७ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात वॉर्सातून आलेला डेव्हिड टास्मा नावाचा ज्यू निर्वासित भेटला. तो कर्करोगाने मरत होता. मरणाऱ्यांना शांतपणे आणि वेदनेविना राहता येईल अशी जागा कशी असावी, यावर ती दोघे बोलत असत. १९४८ मध्ये जाताना त्याने तिच्यासाठी ५०० पौंड ठेवले आणि म्हणाला, "मी तुमच्या घराची एक खिडकी होईन." घराचा अजून पत्ताही नव्हता. ते उभे राहायला १९ वर्षे लागली: १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले आणि शरीर, मन, नाती व श्रद्धा या सगळ्यांना व्यापणाऱ्या वेदनेवर एकत्र उपचार करण्याची पद्धत तिथून जगभर गेली. पण पहिली देणगी मरणाऱ्याची होती, हे विसरू नये. ज्याला आपण गरजवंत म्हणतो त्याच्याकडेही देण्यासारखे असते, आणि ते घेण्यासाठी त्याच्या खाटेशेजारी बसायला वेळ असावा लागतो.

आजचे जग पाहिले तर शोमरोन्याच्या दाखल्यातली यरीहोची वाट फार लांबली आहे. २०२४ च्या अखेरीस युद्ध, हिंसा आणि छळ यांमुळे घर सोडावे लागलेल्यांची संख्या जगभरात १२ कोटींच्या वर होती. बाळ येशूला घेऊन रातोरात मिसरात पळालेले कुटुंब आज सीमेवर आले तर त्याच रांगेत उभे राहिले असते. एवढ्या आकड्यापुढे मन बधिर होते. कळवळा आकड्यांनी येत नाही, आणि रोज पडद्यावर इतकी दुःखे सरकतात की पाहणेच थकून जाते. त्या दाखल्यात जखमी माणसाजवळून पुढे निघून गेलेले याजक आणि लेवी, म्हणजे मंदिरातले सेवक, दुष्ट होते असे मी मानत नाही. त्यांनीही त्याला पाहिले होते. त्यांनी फक्त रस्त्याची दुसरी बाजू धरली, आणि आपणही बोटाच्या एका हालचालीने ती धरतो.

त्या दाखल्यातल्या ज्या भागाकडे आपले कमी लक्ष जाते त्याविषयी बोलून थांबतो. शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. आणि मग मजकुरात शब्द येतात, "दुसऱ्या दिवशी". म्हणजे ती रात्र तो तिथे होता. तापाने तळमळणाऱ्या परक्या माणसाजवळ कुणीतरी जागले. सकाळी त्याने दोन दीनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेच्या मालकाला दिले, अधिक खर्च झाल्यास परत येऊन देईन असे सांगितले आणि तो आपल्या कामाला गेला. त्यानंतरची सगळी शुश्रूषा त्या मालकाच्या वाट्याला आली. तो रस्त्यावर कुणाला शोधायला गेला नव्हता. दुखणे त्याच्या दारात आणून ठेवले गेले. आज अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांचे, विस्मरणात हरवलेल्या जोडीदाराचे, स्वतःचे कधीच स्वतः करू न शकणाऱ्या अपत्याचे करणारी असंख्य माणसे त्याच जागी आहेत, आणि रुग्णाला भेटायला येणारे आपण त्यांच्याकडे पाहतही नाही. शोमरोन्याच्या कळवळ्यात मालकाचाही विचार होता. त्याने त्याला पैसे दिले आणि परत येण्याचे वचन दिले.

आईचे सात वर्षे अंथरुणातच सगळे करणाऱ्या एका मुलीला, बार्तीमयाची गोष्ट आठवून, मी विचारले की आम्ही काय करावे असे तिला वाटते. मला वाटले होते की ती प्रार्थना मागेल किंवा औषधांच्या खर्चाचे बोलेल. ती म्हणाली, "कुणी दोन तास आईजवळ बसले, तर मला दार लावून झोपायचे आहे." आमच्या मंडळीतल्या दोन स्त्रियांनी मंगळवार आणि शुक्रवार वाटून घेतले. त्या येतात, आईची कूस बदलतात, चमच्याने पाणी पाजतात. आतल्या खोलीचे दार बंद असते.