वळचणीचा कप

[दृश्य : चुलीचा जाळ, त्यावर फिरणारी हलगी, दोन हात.]

हलगी वाजवायच्या आधी शेकावी लागते. पावसाळ्यात तर जास्तच. चामडं ओल धरतं, आवाज बसतो. मग चार काटक्या पेटवायच्या, हलगी जाळावर धरून फिरवायची, मधनंच टिचकी मारून ऐकायचं. आवाज खणखणीत आला की उचलायची.

जुलै २०२०. वाळवा तालुक्यातलं एक अंगण. टाळेबंदीनं कॉलेज बंद, आणि पाच जण गाणं बसवतायत. १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे यांची जन्मशताब्दी. त्यांचं वाटेगाव याच तालुक्यात. गर्दी जमवता येणार नाही, म्हणून गाणं मोबाइलवर रेकॉर्ड करून टाकायचं ठरलंय. अण्णा भाऊंनी दूरच्या स्टालिनग्राडचा पोवाडा रचला होता; ही पोरं मिनियापोलिसचा रचतायत. जॉर्ज फ्लॉइडचा.

२५ मे २०२० ला अमेरिकेतल्या त्या शहरात एका गोऱ्या पोलिसानं फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून धरला आणि त्याचा जीव गेला. रस्त्यावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या एका मुलीनं ते मोबाइलवर टिपलं, म्हणून जगाला कळलं. २ जूनला निषेध म्हणून अमेरिकेतल्या संगीत व्यवसायातल्या लोकांनी एक दिवस काम थांबवायची हाक दिली. तिचं रूप बघता बघता बदललं. इन्स्टाग्रामवर लाखो काळे चौकोन आले. ते चौकोन काळ्यांच्या न्यायासाठीच्या आंदोलनाच्याच हॅशटॅगखाली पडत गेले आणि मोर्चा कुठं आहे, मदत कुणाला हवी आहे, ही कामाची माहिती त्यांच्याखाली गाडली गेली.

मीही त्या दिवशी स्टेटसला काळा चौकोन ठेवला होता. चोवीस तासांनी तो आपोआप गेला. कुणी काही विचारलं नाही, मलाही काही करावं लागलं नाही. ते मला अजून टोचतं.

[दृश्य : कटगुण. गावात शिरणारा रस्ता.]

खटाव तालुक्यातलं कटगुण, महात्मा फुल्यांचं मूळ गाव. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' छापलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, काळ्यांची गुलामी मोडण्यासाठी जे झटले त्यांना. पण ते नुसती शाबासकी देऊन थांबले नाहीत. अर्पणपत्रिकेतच त्यांनी पुढची इच्छा लिहिली : माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा आणि आपल्या शूद्र भावंडांना दास्यातून सोडवावं. तिकडची हाक ऐकली आणि आपल्या उंबऱ्याच्या आत आणली. उत्तर देणं म्हणतात ते हे, असं मला वाटतं.

[दृश्य : सातारा. राजवाडा, शाळेचं दार.]

७ नोव्हेंबर १९०० ला या शाळेत भीमराव नावाच्या मुलाचं नाव पटावर चढलं. आज हे प्रतापसिंह हायस्कूल. आपण शाळेत कसे बसायचो, ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. सगळ्यांपासून वेगळं, एका गोणपाटावर. त्या गोणपाटाला शाळेचा झाडूवालाही हात लावत नसे. म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचं, सकाळी परत आणायचं. लहान मूल, काखेत दप्तराच्या जोडीला गोणपाट.

त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं : तुमचे लोक संयुक्त राष्ट्रांपुढे अर्ज घेऊन गेलेत असं वाचलं, त्याच्या प्रती मिळतील का? डू बॉइस यांचं उत्तर आलं, अस्पृश्यांच्या लढ्याबद्दल आस्था व्यक्त करणारं. दोन दुखणी एकमेकांना ओळखत होती.

[दृश्य : पुन्हा अंगण. हलगी थांबलेली.]

गाणं जवळजवळ बसलं होतं. तेवढ्यात गटातली एकुलती एक मुलगी म्हणाली, "थांबा रं जरा. सगळं गाणं तिकडंच. आपल्याकडं काय सगळं बरं चाललंय व्हय?"

कुणी बोललं नाही. मग तिनंच आजीचं सांगितलं. आजी ज्यांच्या रानात भांगलायला जायची, तिथं तिला चहा मिळायचा, पण कप वेगळा. कान तुटलेला. गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलेला. आजीनं तो आपल्या हातानं काढायचा, वरनं ओतलेला चहा प्यायचा, विसळायचा आणि परत तिथंच खोचायचा.

त्या रात्री तिसरं कडवं नव्यानं लिहिलं गेलं. त्यात कप आला.

१ ऑगस्टला व्हिडिओ टाकला. फ्लॉइडच्या कडव्यांवर सगळे खूश. कपावर मात्र एकानं लिहिलं, "चांगल्या गाण्यात जात कशाला आणता? आता कुठं राहिलंय असलं?" पोरं चिडली, शिवीगाळीवर आली. मुलीनं त्यांच्या हातातनं मोबाइल घेतला. "मी बोलते," म्हणाली. तिनं एवढंच लिहिलं : "दादा, तुमच्या घरी मोठ्या माणसांना एकदा विचारा."

दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं.

"विचारलं. होता म्हणाली आई. आमच्याच गोठ्यात."

[दृश्य : मोबाइलचा उजेड पडलेला मुलीचा चेहरा. मागं कुणीतरी जाळात काटक्या सारतंय.]